आडनाव आधी

भाईंदरला नवघर रोडवर माझं सायबर कॅफे होतं. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. मी किनाऱ्यावरच्या डोंगरी गावातून सकाळी बसने यायचो आणि शटर वर करायच्या आधीच बाहेर चार-पाच पोरं उभी असायची. त्यांना जगाचं ज्ञान वगैरे काही नको होतं. त्यांना अमेरिकेतल्या मुलीशी गप्पा मारायच्या होत्या. ती अमेरिकेतली मुलगी बहुतेक वेळा काशीमीऱ्याच्या दुसऱ्या एखाद्या कॅफेत बसलेला मिशीवाला असायचा. पण धंदा माझा होता, मी कशाला तोंड उघडतोय?

या कॅफेच्या काउंटरवर संचिता शिगवण बसायची. हे सगळं तिच्याबद्दल आहे. माझं नाव बेनेडिक्ट, माझ्याबद्दल एवढं पुरे.

संचिता बारावी झालेली, टायपिंगच्या परीक्षा दिलेली, मूळची रत्नागिरीकडची. आई ती लहान असतानाच गेली. वडील दत्ताराम शिगवण भाईंदरच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या कामाला होते. नवघरातच एका चाळीत बापलेक दोघंच राहायची. मुलगी कामाला चोख, पण जिभेला धार. कुणी लग्नाचा बायोडेटा टाइप करायला आणला तर त्यातल्या चुका न विचारता दुरुस्त करायची, आणि मुलाची उंची वाढवून सांगितल्याची शंका आली तर तसं तोंडावर विचारायची. माझी दोन-तीन गिऱ्हाइकं तिच्यामुळे तुटली. तरी मी तिला ठेवली, कारण गल्ला तिच्या हातात देऊन मी निवांत जेवायला जाऊ शकत होतो.

दुपारी कॅफेत कुणी फिरकत नसे. पोरं शाळा-कॉलेजात, बाकीचे झोपलेले. अशाच एका दुपारी तिने रविवारच्या पुरवणीतला एक लेख माझ्यासमोर धरला. परदेशी शास्त्रज्ञांनी सूर्यावर नजर ठेवायला एक उपग्रह सोडलाय, तो दिवसभर फोटो काढून पाठवतो, ते फोटो इंटरनेटवर कुणालाही बघता येतात, आणि त्यात सूर्याजवळून जाणारे धूमकेतू घरबसल्या सापडतात, असा त्या लेखाचा मतलब होता.

"अंकल, दुपारी तीन नंबरवर बसू का?"

"बस. पण कुणी आलं तर उठायचं."

तेव्हापासून ती रोज दुपारी तीन नंबरच्या कॉम्प्युटरवर बसायला लागली. ते फोटो मीही बघितलेत. सगळं निळंनिळं, मधोमध एक काळी तबकडी. सूर्य मुद्दाम झाकलेला, नाहीतर त्याच्या उजेडात दुसरं काही दिसणार नाही. भोवती बारीक ठिपकेच ठिपके, टीव्हीला मुंग्या येतात तसे. संचिता एका दिवसाचे बरेच फोटो उतरवून घ्यायची आणि भराभर एकामागून एक फिरवायची. तारे सगळे मिळून एका बाजूला सरकतात. काही ठिपके एकाच फोटोत येतात आणि पुढच्यात नसतात, तो कचरा. जो ठिपका सगळ्या फोटोंत आहे, पण ताऱ्यांच्या घोळक्यात न जाता आपल्या वाटेने चाललाय, तो धूमकेतू. ऐकायला सोपं आहे. मी एक दुपार बसून बघितलं आणि डोळ्यांत थेंब घालायची पाळी आली.

घरी म्हातारीला मी हे सगळं सांगितलं. माझ्या आईने डोंगरीच्या किनाऱ्यावर आयुष्य काढलं, तिला शेंडेनक्षत्र म्हणजे काय ते ठाऊक होतं. तिने पहिलाच प्रश्न विचारला, शेपटी किती मोठी? शेपटी नाहीच, नुसता ठिपका, असं मी म्हटलं.

"शेपटी न्हाय, त शेंडेनक्षत्र कसला हाय तो?" असं म्हणून तिने विषय संपवला.

काही महिने संचिताला काहीच मिळालं नाही. म्हणजे दिसायचं, पण कुठलातरी जर्मन नाहीतर चिनी माणूस आधीच कळवून बसलेला असायचा. पहिल्याने कळवलं त्याचं नाव, दुसऱ्याला काही नाही, असा तिथला कारभार होता. धूमकेतूला नाव त्या उपग्रहाचंच मिळे, वर एक नंबर. पण इंटरनेटवर जी यादी होती तिच्यात शोधणाऱ्याचं नाव लागे. तेवढ्यासाठी जगभरातली माणसं डोळे फोडून घेत होती.

दोन हजार दोनच्या जानेवारीत तिला तो दिसला. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती, काउंटरवर कुणीतरी दिलेले तिळाचे लाडू होते. तिने मला हाक मारली. आवाज असा की मला वाटलं कॉम्प्युटरने धूर सोडला.

"हा बघा."

"डाग आहे काचेवर."

तिने ओढणीने काच पुसली आणि फोटो फिरवले. डाग चालत होता. हळूहळू, खालच्या कोपऱ्यातून काळ्या तबकडीकडे, एकटाच. मी दुसऱ्यांदा फिरवायला लावले, तिसऱ्यांदा लावले. जगातल्या कुणीही तो कळवलेला नव्हता, हे तिने आधीच बघून ठेवलं होतं.

मग तिने कळवायचं पान उघडलं. कुठल्या फोटोत ठिपका कुठे आहे ते भरलं, आणि नावाच्या चौकटीत, जसं शाळेपासून लिहीत आली तसं लिहिलं: शिगवण संचिता दत्ताराम.

आता हे इकडच्या माणसाला सांगायची गरज नाही. आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. शाळेचा दाखला तसा, बोर्डाचं सर्टिफिकेट तसं. 'आडनाव आधी' हे मास्तर पहिलीत इतकं घोटून घेतात की माणूस झोपेतसुद्धा तसंच सांगेल. आम्ही डोंगरीचे ख्रिश्चन, आमच्यात नाव आधी आणि आडनाव मागे. तिकडच्या लोकांचंही तसंच. त्यामुळे दोन-तीन दिवसांनी यादीत नाव झळकलं तेव्हा काय झालंय ते मला तिच्या आधी कळलं. यादीत होतं: एस. एस. दत्ताराम, भाईंदर, भारत.

"हे काय?" ती म्हणाली.

"शेवटचं ते आडनाव असं समजून चालले ते. पहिला एस म्हणजे शिगवण. मधला एस तेवढा तुझा."

ती आधी हसली. चांगली खळखळून हसली. "म्हणजे बाबांनी शोधला!" असं म्हणून संध्याकाळी घरी गेली आणि बाबांना सांगितलं. दत्तारामही हसला. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

पण माझ्या गिऱ्हाइकांत एक गल्लीतल्या साप्ताहिकाचा बातमीदार होता. फुकट मेल बघायला यायचा. त्याने यादीवरून बातमी छापली: 'भाईंदरच्या दत्ताराम यांची आकाशाला गवसणी'. त्याने कुणालाही विचारलं नाही. विचारलं असतं तर बातमीची मजा गेली असती. ती वाचून माघी गणपतीच्या मंडळाने दत्तारामला शाल-श्रीफळ द्यायचं ठरवलं.

त्या कार्यक्रमाला मी होतो. दत्ताराम इस्त्रीचा शर्ट घालून स्टेजवर बसला होता, गुडघे जुळवून, हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं. माइक हातात दिल्यावर तो म्हणाला, "मी काय नाय केला. माज्या पोरीन केलान." खरं तेच बोलला बिचारा. पण सूत्रसंचालक मोठा हुशार. त्याने माइक घेतला आणि ओरडला, "बघा, बघा! किती हा विनय! सगळं श्रेय लेकीला!" टाळ्यांचा कडकडाट झाला. दत्ताराम परत बोलायला उठला तोवर पुढच्या सत्कारमूर्तीचं नाव पुकारलं गेलं. संचिता तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

शालीतला फोटो फ्रेम करून घरात लागला. कारखान्यात दत्तारामला लोक 'शास्त्रज्ञ' म्हणायला लागले. थट्टाच ती, पण पुढे-पुढे नुसती थट्टा राहिली नाही. मुकादमसुद्धा त्याला जरा अदबीने हाक मारू लागला.

एके दिवशी दुपारी संचिता काउंटरवर डबा उघडून बसली होती आणि जेवत नव्हती.

"अंकल, मला वाईट वाटतंय," ती म्हणाली. "बाबांना शाल मिळाली त्याचं नाही. ते खूश आहेत, बरंच आहे. पण मी बघितला ना तो. आणि तिथे मी नाहीच."

"मग कळव त्यांना. चूक झाली म्हणून सांग."

"आता? फोटो भिंतीवर लागलाय." तिने पोळीचा तुकडा मोडला. "आणि हे धूमकेतू परत थोडेच येतात. सूर्याजवळ जाऊन बहुतेक विरघळूनच जातात. पुढचा सापडला की नाव नीट लिहीन."

पुढचा काही सापडला नाही. सगळीकडे इंटरनेट जोरात झालं, बघणारे वाढले, आणि तिचं ते एका पायरीने मागे राहणं परत सुरू झालं.

पुढच्या वर्षी परदेशातल्या कुणा निवृत्त गृहस्थाने, ज्याला धूमकेतूंच्या वाटांचे हिशेब मांडत बसायचा नाद होता, एक गोष्ट जाहीर केली. एकोणीसशे शहाण्णवच्या जुन्या फोटोंत त्याला एक ठिपका सापडला होता, आणि तो ठिपका आणि दत्ताराम यांचा धूमकेतू एकच आहे असं त्याचं म्हणणं होतं. म्हणजे हा विरघळत नाही. हा साडेपाच वर्षांनी फेरी मारतो. हिशेब बरोबर असेल तर दोन हजार सातच्या जुलैत परत येणार. आणि परत आला की जो आधी कळवेल त्याचं नाव यादीत नव्याने लागणार.

संचिताने ते वाचलं आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"परत येतोय," ती म्हणाली. "या खेपेला सगळ्यांच्या आधी मीच बघणार आणि माझं नाव लागणार. माझं."

"दोन हजार सातला तू कुठे असशील, काय माहीत."

"कुठे का असेना. बघायला इथे येईन."

त्याच हिवाळ्यात तिचं लग्न ठरलं. मुलगा नीलेश भुवड. काशीमीऱ्याला हायवेवर त्याच्या वडिलांचं, बाबाजी भुवडांचं, ट्रकच्या टायरचं दुकान होतं. माणसं चांगली होती, मी मुद्दाम चौकशी केली होती. मी आणि माझी बायको कॉनी लग्नाला गेलो. ताटात तांदूळ पसरले आणि नीलेशने अंगठीने त्यात बायकोचं नवीन नाव लिहिलं: सलोनी. सगळ्यांना पेढे वाटले. कॉनीने हा प्रकार पहिल्यांदाच बघितला. ती माझ्या कानात म्हणाली, "माझं नाव बदललं असतंस तर तुला जेवायला हाक कोणी मारली नसती." मी नवरीकडे बघितलं. पण नवरीच्या तोंडावर त्या दिवशी इतकं काय काय लावलेलं असतं की आतलं काही बाहेर दिसत नाही.

संचिताने नोकरी सोडली. काउंटरवर मी दुसरी मुलगी ठेवली, ती गिऱ्हाइकांशी गोड बोलायची आणि गल्ल्यात घोळ घालायची. संचिता कधीमधी नवघरला बाबांकडे आली की डोकावून जायची. पुढे तिला मुलगी झाली. काशीमीऱ्यात तिला सगळे सलोनी म्हणत. मी संचिता म्हणायचो, दत्ताराम संचिता म्हणायचा, बस. धूमकेतूचं तिने नीलेशला सांगितलं होतं. नीलेश साधा माणूस, त्याला कौतुक वाटलं, त्याने ते वडिलांना सांगितलं, आणि तिथे ती गोष्ट बाबाजींच्या डोक्यात शिरली. हायवेवर टायर बदलायला थांबलेल्या ट्रकवाल्यांनाही ते सांगायचे, "वो आसमान में जो आनेवाला है, वो अपनी बहू का है." सुनेला त्यांनी एकच सूचना केली होती.

"भुवड लिव हां. आणि आडनाव आधी लिव गो, म्हणजे लोकांना पयला तेच दिसंल."

हे मला तिनेच सांगितलं. सांगताना हसत होती, पण यादीत बाबांचं नाव बघून हसली होती तसं नाही.

दोन हजार सातचा जुलै आला. तो गृहस्थ म्हणाला होता की अमुक आठवड्यात बघा. त्या आठवड्यात मी तीन नंबर कुणाला दिला नाही. दुपारी जेवणं आटोपली की नीलेश तिला बाइकवरून सोडून जायचा. मुलगी सासूजवळ. आता नुसतं बघायचं नव्हतं, शर्यत होती. पहिल्या वेळी तो येणार हे कुणालाच माहीत नव्हतं. या वेळी अर्धं जग त्याच्या वाटेवर टपून बसलं होतं.

आठवडा संपत आला आणि तो आला. तिने मला हाक मारली नाही. मीच बघितलं, तिची पाठ एकदम ताठ झाली होती. मी मागे जाऊन उभा राहिलो. तोच कोपरा, तीच चाल. तिने पुरेसे फोटो जमेपर्यंत धीर धरला, कारण कमी फोटोंवर कळवलं तर ते धरत नाहीत. पुढचा फोटो आला, तिने मोजमाप घेतलं, यादी बघितली. कुणीही कळवलेलं नव्हतं.

तिने पान उघडलं. पान बदललं होतं. मोजमापं भरून झाली आणि शेवटी नावाच्या जागी आता दोन चौकटी होत्या. एकीत नाव, दुसरीत आडनाव.

तिचे हात थांबले.

"काय झालं?"

"अंकल, काय लिहू?"

"नाव लिही!"

"कुठलं?"

माझा पारा चढला. "रेशनकार्डावर जे असेल ते लिही आणि पाठव एकदाचं!"

"रेशनकार्डावर मी नाहीच," ती शांतपणे म्हणाली. "बाबांच्या कार्डावरून कमी केलं आणि इकडच्यावर अजून चढवलं नाही."

पहिल्या चौकटीत तिने संचिता लिहिलं. त्यात तिला वेळ लागला नाही. दुसऱ्या चौकटीत शिगवण लिहिलं. मग बहुतेक काशीमीऱ्याचं घर डोळ्यांपुढे आलं असावं, ते खोडलं. भुवड लिहिलं. ते बघत बसली. 'संचिता भुवड' नावाची बाई जगात कुठेच नव्हती. भुवडांच्या घरी होती ती सलोनी. तेही खोडलं. चौकट रिकामी ठेवून पाठवायला गेली तर लाल अक्षरं आली, आडनाव भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मी मागे उभा राहून चडफडत होतो. शेवटी तिने दुसऱ्या चौकटीतही संचिता लिहिलं आणि पाठवून दिलं.

मग यादीचं पान परत उघडलं. मधल्या वेळात पोलंडमधल्या कुणीतरी कळवलं होतं.

तिने यादी वर-खाली करून परत बघितली. "मी आधी बघितला होता, अंकल."

"हो."

"मी आधी बघितला होता."

"हो गं बाई, मी इथेच होतो ना."

"मला रडू येतंय," ती म्हणाली आणि खरंच रडली, कीबोर्ड बाजूला सरकवून, दोन्ही हातांत तोंड घेऊन. शेजारच्या कॉम्प्युटरवरचा एक जण वाकून बघायला लागला. मी त्याला म्हटलं, "अपना देखो." तो आपलं देखायला लागला.

नीलेश घ्यायला आला तेव्हा तिने तोंड धुतलं होतं. थोडक्यात राहिलं, एवढंच तिने सांगितलं. नीलेशने मान डोलावली आणि तिची पर्स हातात घेतली. काशीमीऱ्याला बाबाजी म्हणाले म्हणे, जाताना ट्रॅफिक लागला असेल.

पुढच्या आठवड्यात कॅफेच्या ईमेल पत्त्यावर तिच्यासाठी मेल आला. मी दत्तारामच्या शेजाऱ्याकडे फोन करून निरोप ठेवला, आणि ती माहेरी आली तशी इकडे आली. मेल इंग्रजीत होता, यादी सांभाळणाऱ्या माणसाचा. त्याचा मजकूर असा: 'आपण कळवायला थोडा उशीर झाला, त्यामुळे शोधाची नोंद दुसऱ्याच्या नावे गेली. पण आपली मोजमापं फार नेटकी आहेत. आपण या कामात नवीन दिसता, आपलं स्वागत. योगायोग असा की हा धूमकेतू मागच्या खेपेला आपल्याच शहरातल्या श्री. दत्ताराम यांनी शोधला होता. नंतर त्यांच्याकडून काही कळलं नाही. त्यांची भेट झाली तर आमचा नमस्कार सांगा. त्यांच्याकडून आपल्याला शिकायला मिळेल.'

मी टेबलावर हात आपटला. "लिही! आत्ताच्या आत्ता लिही, तो दत्ताराम म्हणजे मी! गेलं ते गेलं, निदान पहिलं तरी तुझ्या नावावर येईल. तो माणूस भला दिसतो, लगेच बदलेल."

तिने लिहायला घेतलं. 'श्री. दत्ताराम म्हणजे' इथवर लिहिलं आणि थांबली.

"बाबांना विचारून येते. तुम्ही पण चला."

चाळ जवळच होती. दत्ताराम घरीच असायचा आता. कारखाना बंद पडला होता, आणि पॉलिशची धूळ इतकी वर्षं छातीत गेलेली, दोन वाक्यांमागे एकदा खोकायचा. आम्हाला बघून त्याने लुंगी सारखी केली, माझ्यासाठी खुर्ची ओढली. वर भिंतीवर शालीतला फोटो होता. संचिताने त्याला सगळं सांगितलं, पोलंडवाल्याचं, मेलचं, आणि आता काय करायचंय ते. तो नीट ऐकत होता.

"म्हणजे माजा नाव काढनार?"

"माझं घालणार, बाबा."

"बरोबर हाय." त्याने मान हलवली. "तूच बघितलस. मी स्टेजवर सांगितला होता, नाय का ओ बेनेडिक्टभाव? मी लपवला नाय."

"नाही लपवलं," मी म्हटलं.

"दोगांचा नाय रवनार?"

"नाही बाबा. एकाचंच राहतं."

तो खोकला, मग त्याने हात पुढे धरून बघितले. तळवे काळे पडलेले होते, ते काळं आता निघण्यातलं नव्हतं.

"आयुष्यभर भांडी चकचकीत केली," तो म्हणाला. "त्यावर नाव घालतात ते घेनाऱ्याचा. बारशाक दिला तर देनाऱ्याचा. पालिशवाल्याचा कोन घालतो?" आणि मग एकदम लाजल्यासारखा, तिच्याकडे न बघता, "काढाया पायजेच काय? ऱ्हव दे की गो. हय सोडून दुसरीकडं खय माजा नाव हाय?"

मला त्याचा राग आला. खरंच आला. मुलीची एकुलती एक गोष्ट, आणि बाप ती मागून घेतोय. मी बोलायला तोंड उघडलं, पण संचिताने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसलो.

"राहू दे," ती म्हणाली. "नाही काढत."

"रागावलीस?"

"नाही."

"च्या टाकतो," म्हणून तो उठला, आणि स्टोव्हशी जाताना त्याचं पाऊल हलकं पडत होतं, ते मी बघितलं.

चहा पिऊन आम्ही परत कॅफेत आलो. तिने तीन नंबरवर बसून अर्धवट मेल उघडला, लिहिलेलं खोडलं आणि नव्याने लिहिलं. इंग्रजी तिचं साधं होतं, मला मागून वाचता आलं.

'आपला नमस्कार श्री. दत्ताराम यांना सांगितला. त्यांना आनंद झाला. त्यांनी आता बघायचं सोडलं आहे.'

खाली नाव न घालताच तिने ते पाठवून दिलं.